अॅम्पचं सॉफ्टवेअर अपडेट: चालत्या सुराला हात लावायचा का?

त्रिमूर्तीनगरची तार (धागाकर्ता)

गेले आठ दिवस माझ्या गिटारच्या अॅम्पचं अॅप उघडलं की एकच पाटी येते: नवी आवृत्ती आली आहे, अॅम्प यूएसबीने जोडा. खाली बारीक अक्षरांत, अपडेट करताना तुम्ही साठवलेले आवाज पुसले जाऊ शकतात. मी दर वेळी 'नंतर' दाबतो आणि वाजवायला बसतो.

अॅम्प साधा आहे. २० वॅट, आठ इंची स्पीकर, घरी सरावासाठी घेतलेला, तीन वर्षं झाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न सगळ्याच मॉडेलिंग अॅम्पना, म्हणजे वेगवेगळ्या अॅम्पचे आवाज सॉफ्टवेअरने काढणाऱ्या अॅम्पना, लागू आहे. माझा जीव अडकला आहे तो चौथ्या बटणावरच्या आवाजात. बाबा भावगीतं गातात, मी साथ करतो. पूर्वी ते काळी दोनमध्ये गायचे, आता पांढरी एक. लयही संथ झाली आहे. त्यांच्या आवाजाखाली बसेल, वर चढणार नाही, असा गिटारचा सूर लावायला मला जवळजवळ तीन महिने लागले. गेन ३, मिडल साडेसहा, ट्रेबल ४, रिव्हर्ब साडेतीन, डिले ३८० मिलिसेकंद. हे आकडे आता मला फोन नंबरासारखे पाठ आहेत. २२ जूनला बाबांची पंच्याहत्तरी आहे, लक्ष्मीनगरातल्या एका हॉलमध्ये, आणि तिथे हाच आवाज हवा आहे.

नव्या आवृत्तीत दोन नवे अॅम्प, सुधारलेलं नॉइज गेट (सूर थांबला की मागची खरखर कापणारी सोय) आणि ब्लूटूथची दुरुस्ती आहे म्हणे. मोह फक्त शेवटच्याचा होतो. रियाजाला मी फोनवरून तानपुरा लावतो, तो पंधरा मिनिटांनी तुटतो आणि मधेच सगळं ओकंबोकं होऊन जाते.

तरी माझं मत स्पष्ट आहे: करू नये. एक तर जे वाजून राहिलं आहे ते वाजू द्यावं. दुसरं, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू आहे. परवा भर दुपारी ट्रान्सफॉर्मर उडाला, अडीच तास लाईट नव्हती. अपडेट अर्ध्यावर असताना असं झालं तर अॅम्पचा ठोकळा होईल. कोणाचं मत वेगळं असेल तर कारणासकट सांगा, मी ऐकायला बसलो आहे.

सोल्डरवाला, सदर

माझं मत वेगळं आहे भाऊ. भीती खरी आहे, पण चुकीच्या जागी आहे.

अपडेट करताना होतं काय, तर अॅम्पच्या फ्लॅश मेमरीतला जुना प्रोग्रॅम पुसला जातो आणि नवा तुकड्यातुकड्याने लिहिला जातो. पुसणं आणि लिहिणं यांच्या मधे वीज गेली की घोळ. पण अॅम्प सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, ज्याला बूटलोडर म्हणतात, तो बहुतेक यंत्रांत वेगळ्या कप्प्यात असतो आणि अपडेट त्याला सहसा हात लावत नाही. म्हणून अर्धवट राहिलेला अॅम्प बरेचदा ठरावीक बटण दाबून सुरू केला की पुन्हा अपडेट घ्यायला तयार होतो. माझ्याकडे 'मेला' म्हणून आलेले अॅम्प यातून उठलेले मी पाहिले आहेत. सगळे उठले नाहीत, हेही सांगतो.

लाईटचा उपाय सोपा आहे. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरा, त्याचं झोपी जाणं बंद करा. अॅम्प इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या आणि इन्व्हर्टरमागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाही तर लाईट जाऊन इन्व्हर्टर येण्याच्या झटक्यातच अॅम्प बंद पडू शकतो. सकाळी सहाला करा, दुपारी दोनला नको.

आणि केबल! लाईटपेक्षा केबलने जास्त लोक फसतात. पॉवर बँकेसोबत येणाऱ्या कितीतरी केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात डेटाच्या तारा नसतातच. प्रिंटरला लागते ती चौकोनी तोंडाची चांगली केबल बर्डीवरच्या बाजारात कुठेही मिळते. यूएसबी हब मधे घालू नका.

ब्लूटूथ तुटणं हा दोष आहे आणि त्याची दुरुस्ती फुकट मिळून राहिली आहे. ती नाकारायची कशाला?

धरमपेठ गिटार वर्ग

सोल्डरवाले भाऊ यंत्र वाचेल की नाही ते सांगत आहेत. माझा प्रश्न आवाज वाचेल का हा आहे.

मी शिकवते. मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याने अपडेट केलं. अॅम्प व्यवस्थित सुरू झाला, साठवलेले आवाजही जागेवर होते. पुढच्या तासाला तो मींड घेत होता, दुसऱ्या तारेवर सातव्या पडद्यावरून तार ओढून पंचमावर थांबायचं होतं. सूर थांबला, विरायला लागला, आणि अगदी शेवटी, जिथे तो श्वासासारखा उरतो, तिथे कात्रीने कापल्यासारखा गेला. आम्ही चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच. गेटचा आकडा पूर्वीचाच होता, पण त्या आकड्याचा अर्थ बदलला होता. 'सुधारलेलं' गेट म्हणजे खरखर लवकर कापणारं गेट. खरखरीबरोबर सूर कापला जातो हे ज्याने ते सुधारलं त्याच्या ध्यानात आलं नसावं, कारण तो बहुधा जोरकस रॉक वाजवून तपासत असेल.

परत जायला जुनी आवृत्ती शोधली तर कंपनीने काढून टाकलेली. बोटं अॅम्पच्या प्रतिसादावर वळण घेतात. किती जोराने छेडलं की किती फुलतं, हे मनगटाला कळायला महिने लागतात. ते एका सकाळी बदलायचं आणि तेही पंच्याहत्तरीच्या तोंडावर? माझं मत, अजिबात नको.

खर्ज

ताई, तुमचा गेटचा मुद्दा मान्य. पण 'अपडेटनंतर आवाज पातळ झाला' असं म्हणणारे बाकी जे भेटतात, त्यांच्यावर माझा फार विश्वास नाही. आवाज एकदीड डेसिबलने उतरला तरी कानाला तो हळू वाटत नाही, बेचव वाटतो. त्यात तारा दोन महिन्यांच्या जुन्या, खोलीत कूलर सुरू, अॅम्प भिंतीपासून हातभर सरकलेला. दोष मात्र सॉफ्टवेअरला.

खरं पाहायचं असेल तर अपडेटच्या आधी एकच ओळ फोनवर रेकॉर्ड करा. अॅम्प कुठे, फोन कुठे, ते जमिनीवर खडूने आखा. नंतर त्याच जागी तीच ओळ. दोन्ही क्लिपांचा आवाज सारखा करा आणि कोणती कोणती ते न सांगता घरच्यांना ऐकवा.

मी तानपुरा ठेवतो, म्हणून एक सांगतो. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते ती जागा, दर काही वर्षांनी घासून काढून घ्यावी लागते, आणि प्रत्येक वेळी त्याचा स्वर थोडा निराळा होऊन येतो. पहिले दोन दिवस परका वाटतो, मग आपला होतो. वाद्याला कोणी हात लावायचाच नाही, ही आपल्याकडची रीत नाहीच.

धरमपेठ गिटार वर्ग

जवारी काढायला आपण कारागिरासमोर बसतो. तो कानस फिरवतो, तार लावतो, आपण ऐकतो, 'अजून थोडी बंद ठेवा' म्हणतो. इथे ऐकवणारा कोण, थांबवणारा कोण?

शिवाय जवारी का काढायची, तर तारेने घोडीवर चर पडतात म्हणून. ती झिजते. सॉफ्टवेअर झिजत नाही. तीन वर्षांपूर्वी होतं तसंच ते आजही आहे.

सोल्डरवाला, सदर

ते झिजत नाही, पण आजूबाजूचं जग सरकते ना ताई. फोन बदलतो, फोनची सिस्टिम बदलते, अॅप बदलतं. माझ्याच भाच्याने दोन वर्षं 'नंतर' दाबलं. एके दिवशी अॅपची नवी आवृत्ती आपोआप आली आणि तिने त्याचा जुना अॅम्प ओळखणंच सोडून दिलं. मग घाईघाईत चार आवृत्त्या ओलांडून उडी. अपडेट करणारा प्रोग्रॅम त्याच्या जुन्या लॅपटॉपवर चालेना, दुसरा लॅपटॉप मागून आणावा लागला. साठवलेले आवाज इतके जुन्या पद्धतीचे की नव्याने उचललेच नाहीत. टाळलं म्हणून धोका गेला नाही, साचला.

इतवारीचा वादक

मी लग्नात, ऑर्केस्ट्रात वाजवतो, माझं एकच म्हणणं आहे. कार्यक्रमाच्या आधी तीन हप्ते नवीन काहीच करायचं नाही. तार पण मी दोन दिवस आधी बदलतो, त्या दिवशी नाही. भाऊ, बाबांची पंच्याहत्तरी होऊ द्या. अपडेट कुठं पळून चाललं?

जुना व्हॉल्व्ह

एक मूळ मुद्दा राहून जातो आहे. रोलँडचा जेसी-१२० हा अॅम्प १९७५ सालचा. त्याचा आवाज सर्किटमध्ये आहे. तो कोणी परगावी बसून बदलू शकत नाही. १९९६ मध्ये लाइन सिक्सने अॅक्ससिस २१२ आणला आणि तेव्हापासून अॅम्पचा स्वभाव गणितात आला. तुमच्या अॅम्पमध्ये तारेचा सिग्नल आकड्यांत बदलतो, चिप त्यावर हिशेब करते, आणि त्या हिशेबालाच आपण 'क्लीन चॅनल' म्हणतो. म्हणजे अपडेट ही वरवरची रंगरंगोटी नाही. डबा आणि स्पीकर तेच, आतलं सर्किट मात्र कोणी येऊन बदलून गेलं, असा तो प्रकार आहे.

याने भलंही होतं. बॉसचे २०१६चे कटाना अॅम्प ज्यांनी घेतले, त्यांना पुढच्या आवृत्त्यांतून नव्या सोयी विनाखर्च मिळाल्या. मी त्याच्या विरोधात नाही. माझी मागणी एवढीच आहे की जुनी आवृत्ती कंपनीने कायम उतरवून घेता यावी अशी ठेवावी, आणि दोष-दुरुस्ती व आवाजातला बदल हे वेगळे द्यावेत. ब्लूटूथ नीट हवं असेल तर गेटही बदलून घ्या, ही सक्ती का? पैसे देऊन आपण एक आवाज विकत घेतला आहे. त्यावर शेवटचा शब्द आपला हवा.

त्रिमूर्तीनगरची तार (धागाकर्ता)

सगळ्यांचं दोनदा वाचलं. माझं मत थोडं हललं आहे, तेही सांगतो. भाच्याची हकीकत मनाला लागली. मीही 'नंतर' दाबूनच राहिलो आहे आणि परत जाण्याची वाट मात्र शोधली नव्हती. आज शोधली. कंपनीच्या पानावर सध्या जुनी आवृत्ती आहे, ती उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवली. चारही आवाजांचे आकडे वहीत लिहिले, बॅकअपही घेतला. खडूची खूणही केली.

पण २२ तारखेआधी नाही. इतवारीच्या भाऊंचं ऐकतो.

त्रिमूर्तीनगरची तार (धागाकर्ता)

पंच्याहत्तरी छान झाली. बाबा सहा गाणी गायले, चार ठरली होती.

आज सकाळी साडेसहाला अपडेट केलं. अकरा मिनिटं लागली. मधे पट्टी ७३ टक्क्यांवर बराच वेळ अडकली होती, तेव्हा मी केबलकडे हातसुद्धा नेला नाही. ब्लूटूथवर तानपुरा आता सलग चाळीस मिनिटं वाजला. दोन्ही क्लिपा आवाज सारखा करून टाकल्या आहेत, कोणती आधीची ते लिहिलेलं नाही. सांगा.

खर्ज

तीनदा ऐकल्या, हेडफोन लावून. मला फरक सांगता येत नाही.

धरमपेठ गिटार वर्ग

दुसरी अपडेटनंतरची आहे. चौदाव्या सेकंदाला शेवटचा षड्ज ऐका. पहिल्या क्लिपमध्ये तो विरतो, दुसरीत थांबतो.

त्रिमूर्तीनगरची तार (धागाकर्ता)

बरोबर ओळखलंत ताई. मला स्वतःला दुपारपर्यंत कळलं नव्हतं, आणि आता कळल्यावर दुसरं काही ऐकूच येत नाही. गेट ५ वरून २ वर आणलं, सुराची शेपूट बरीचशी परत आली. शून्यावर नेलं तर पूर्ण येते, पण मग कूलरच्या मोटरची घरघर गिटारच्या पिकअपमधून (तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकी भागातून) येऊन बसते. गिटार थोडी तिरपी धरून बसलं की ती कमी होते, हे आज पहिल्यांदा कळलं.

सोल्डरवाला, सदर

तुमची गिटार सिंगल कॉइलची, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपची, असेल, म्हणून तसं होतं. कूलर आणि अॅम्प वेगवेगळ्या सॉकेटवर घेऊन पाहा, आणि तुम्ही बसता ती जागा मोटरपासून लांब न्या.

धरमपेठ गिटार वर्ग

पेन ड्राइव्ह सांभाळून ठेवा.

त्रिमूर्तीनगरची तार (धागाकर्ता)

ठेवला आहे, बाबांच्या स्वरलिप्यांच्या पेटीत. पाऊस नीट लागला की कूलर बंद होईलच, तेव्हा गेट शून्यावर ठेवून पुन्हा एक क्लिप टाकतो. तोवर २ वर वाजवतो आहे. संध्याकाळी बाबा साथीला बसवणार आहेत, त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.