मदत हवी आहे: 'सेट'साठी कारागिरांच्या तोंडचे मराठी शब्द

इंग्रजी-मराठी शब्दसूची करताना गाडी 'सेट'वर अडली आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती. अर्थ चारशेच्या वर.

रोजच्या अर्थांचा प्रश्न नाही. सूर्य मावळतो, गजर लावतात, हाड बसवतात, दही लागतं, गणितात संच. एकच क्रियापद सगळीकडे चिकटवलं की मात्र 'हाड स्थापित केले' असलं काहीतरी निघतं.

खरी गोची सिमेंटची. सेट होणं, म्हणजे ओला गिलावा आकार धरून बसणं, वेगळं; ताकद येणं वेगळं. साध्या पोर्टलँड सिमेंटचं पहिलं सेटिंग भारतीय मानकानुसार ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि शेवटचं ६०० मिनिटांच्या आत व्हायला हवं. ताकद मात्र २८ दिवसांनंतरही वाढत राहते. दोन्हीकडे 'घट्ट होणे' लिहिलं, तर वाचणारा दुसऱ्याच दिवशी स्लॅबचं सेंटरिंग, म्हणजे खालचा तात्पुरता आधार, काढायचा! दोन वेगळे शब्द हवेत. 'आळणे' चालेल का? मला ते बासुंदीचं वाटतं.

दुसरं, करवत. दात आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित वाकवतात, म्हणजे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं लाकडात अडकत नाही. या वाकवण्याला सुतार काय म्हणतात?

शब्दासोबत कामावर बोललं जाणारं पूर्ण वाक्य आणि तालुका लिहा. तुमच्याकडे 'सेट'च म्हणत असतील तर तेही कळवा. कोशातून उचललेले प्रतिशब्द नकोत, ते जमवून झालेत.