रात्री पत्रा हवेपेक्षा थंड, दुपारी चकचकीत पत्रा पांढऱ्यापेक्षा गरम: मॉडेल चुकलंय का?

लष्करकर
आमचं ग्वाल्हेरला लष्करमध्ये जुनं घर आहे, वरच्या मजल्यावर नुसता पत्रा, देवघर तिथेच म्हणून आजी खाली राहायला यायला तयार नाही. मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, तिचे हाल बघवत नाहीत, म्हणून एनर्जीप्लसमध्ये (इमारत किती तापते-निवते ते काढणारं सॉफ्टवेअर) तेवढी एक खोली बनवून बघितली. दोन गोष्टी कळेनात. पहाटे बाहेर हवा ३० असताना पत्रा २५ दाखवतोय, हवेपेक्षा थंड कसा होईल? आणि नवा चकचकीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा टाकला, सोलर अ‍ॅब्सॉर्प्टन्स (ऊन शोषण्याचं प्रमाण) ०.४ आणि थर्मल (उष्णता किरणांनी सोडण्याचं) ०.२५, तर दुपारी तो ६५ वर जातोय, पांढरा रंग दिलेला, म्हणजे ०.३ आणि ०.९ वाला, ५० लाच थांबतो. ऊन शोषण्यात फरक एवढासा, मग १५ अंश कुठून आले?

उन्हातला_इंजिनियर
दोन्ही उत्तरं बरोबर आहेत दादा. निरभ्र आकाश हवेपेक्षा खूप थंड असतं आणि पत्रा रात्रभर त्याच्याकडे बघत उष्णता सोडत असतो. थंडीत बघा, अंगणात उघड्यावर ठेवलेल्या स्कूटरची सीट सकाळी दवाने ओली असते आणि कडुलिंबाखालची कोरडी, हवा तर दोघींना सारखीच. अलाहाबादकडे पूर्वी ऊस-मक्याच्या वाळलेल्या ताटांवर उथळ मातीची भांडी ठेवून असाच बर्फ करायचे, कंपनीच्या फौजेतल्या रॉबर्ट बार्करने १७७५ मध्ये ते लिहून ठेवलंय.
दुपारचंही तेच. ६५ अंशांवरचा पत्रा इमिसिव्हिटी (तुमचा तो थर्मल आकडा) ०.९ असेल तर दर चौरस मीटरला साधारण ६६५ वॅट सोडतो, ०.२५ असेल तर फक्त १८५. आकाशाकडून परत येतं ते यातून वजा करायचं, पण चकचकीत पत्र्याला घाम येत नाही असंच समजा, आत घेतलेली उष्णता त्याला नीट बाहेर टाकता येत नाही.

बडोद्याची_वास्तू
फक्त एक बघा, तुम्ही पत्रा एकाच लेयरचा घेतलाय का? मग ते ०.२५ वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंना लागतंय, मी पण एकदा यातच अडकले होते, दोन दिवस गेले. निम्म्या निम्म्या जाडीचे दोन लेयर करा, बाहेरच्याला पांढऱ्याचे आकडे द्या, आतल्याला ०.२५. खालची बाजू चकचकीत असली की आजींच्या डोक्यावर येणारी धग कमी होते, तिथे कमी इमिसिव्हिटी आपल्या कामाची. आणि नुसतं हवेचं तापमान बघू नका हो, मीन रेडियंट (भोवतालच्या भिंती-छताचं सरासरी तापमान) पण काढा, पत्र्याखाली बसलेल्या माणसाला तेच जाणवतं.

लष्करकर
ताई, एकच लेयर होता! आत्ता दोन करून चालवलं. दोन्हीकडून पांढऱ्यापेक्षा पत्रा थोडा जास्त तापतोय, पण दुपारी मीन रेडियंट बऱ्यापैकी खाली आलं. पहाटे मात्र खोली उशिरा निवतेय.

बडोद्याची_वास्तू
निवणारच उशिरा, आतली उष्णता पत्र्याला कमी पोचतेय ना, रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. आणि देवघर तिथेच म्हणालात, तर समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर खालच्या बाजूला बसला की ०.२५ राहत नाही. होळीच्या सुमारास एकदा पत्रा आतून पुसून घ्या, वरचा पांढरा पण तेव्हाच धुवून.