ईएसपी३२ डेव्हकिटसाठी कॅरिअर बोर्ड: ऑर्डर देण्याआधी पिना तपासून हव्यात

ठिबक_चार
ठिबकचे चार झोन चालवायला बोर्ड करतोय. कायकॅड ८ (पीसीबी आखायचं सॉफ्टवेअर), दोन लेअर, १०० × ८० मिमी. ३० पिनांचं ईएसपी३२ डेव्हकिट (वायफायवाला मायक्रोकंट्रोलर बोर्ड) फीमेल हेडरमध्ये बसवणार. चार १२ व्होल्ट डीसी सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहेत, प्रत्येकी साधारण ४०० मिलिअँपिअर, आणि चार कपॅसिटिव्ह मॉइश्चर सेन्सर. अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट, ३ अँपिअर.

सध्याची जोडणी अशी:
रिले: जीपीआयओ (इनपुट-आउटपुट पिना) १२, १३, १४, १५
सेन्सर: २५, २६, २७, ४
पॉवर: १२ व्होल्ट, मग एलएम२५९६ मॉड्यूल (१२ चे ५ व्होल्ट करणारं), तिथून डेव्हकिटच्या व्हीआयएनला (पॉवरची पिन)

ब्रेडबोर्डवर तयार चार चॅनेलचं रिले मॉड्यूल लावलंय. बोर्डवर त्याच पिनांना बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि ५ व्होल्टचे सुटे रिले असतील. त्रास तीन: पॉवर दिली की रिले टकटकतात, वायफाय लागलं की सेन्सरचं रीडिंग बंद, आणि कधीकधी डेव्हकिट बूटच होत नाही. कोडमध्ये शोधू की सर्किटमध्ये? शिवाय लायब्ररीत डेव्हकिटचे तीन फूटप्रिंट (पिनांच्या भोकांचे आराखडे) दिसतात, त्यातला कोणता घ्यायचा?

डागकाम
कोड चाळत बसू नका. तिन्ही त्रास पिनांच्या निवडीतून आलेत.

सेन्सर आधी. २५, २६, २७ आणि ४ या पिना एडीसी२ वर (चिपमधल्या दोन अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टरपैकी दुसऱ्यावर) आहेत आणि वायफाय चालू असताना एडीसी२ वापरता येत नाही. सेन्सर एडीसी१ वर, म्हणजे ३२, ३३, ३४, ३५ वर न्या. ३४ आणि ३५ नुसत्या इनपुट आहेत, आत पुलअपही नाही, पण अ‍ॅनालॉग सेन्सरला त्याने काही बिघडत नाही.

बूट न होण्याचा संशय १२ वर. चिप रीसेटमधून उठताना १२ ची पातळी बघून फ्लॅशचा (प्रोग्रॅम राहतो ती मेमरी) व्होल्टेज ठरवते. ती हाय दिसली तर १.८ व्होल्ट, आणि तुमच्या मॉड्यूलमधली फ्लॅश ३.३ ची. तयार रिले मॉड्यूल लो सिग्नलवर चालतं, त्याच्या इनपुटला ऑप्टोकपलरची एलईडी आणि रेझिस्टर थेट ५ व्होल्टकडे गेलेला असतो, तोच १२ ला वर खेचतो. बीसी५४७ लावल्यावर हा त्रास बहुधा आपोआप जाईल, पण तेवढ्यावर १२ ठेवू नका. बूट व्हायच्या वेळी ती हाय करणारं काहीही उद्या जोडलंत की पुन्हा तेच. बीसी५४७ लावल्यावर कोडमधलं हाय-लोसुद्धा उलटं करावं लागेल, हे लक्षात असू द्या.

टकटक १४ आणि १५ ची. बूट होताना या दोन पिना स्वतःच सिग्नल बाहेर टाकतात, ५ सुद्धा. आउटपुटला १६, १७, १८, १९ घ्या. ३० पिनांच्या नेहमीच्या डेव्हकिटवर या चारही एकाच बाजूला आहेत, फक्त १७ आणि १८ च्या मध्ये ५ घुसलीय, ती मोकळी सोडा. सेन्सरच्या चारही पिना समोरच्या रांगेत येतात, म्हणजे व्हॉल्व्हचा जाड करंट आणि अ‍ॅनालॉग ट्रॅक एकमेकांना न ओलांडता दोन दिशांना निघतात. पुढेमागे रोव्हर मॉड्यूल (जादा मेमरीचं ईएसपी३२) टाकायचा विचार असेल तर मात्र १६ आणि १७ त्या जादा मेमरीला, म्हणजे पीएसरॅमला जातात.

बारा_व्होल्ट
व्हॉल्व्ह डीसी आहेत तर रिले हवेत कशाला? प्रत्येकाला एक एन-चॅनेल मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) पुरे. एओ३४०० घ्या. एसओटी-२३ (छोटं सरफेस-माउंट पॅकेज) आहे, साध्या सोल्डरिंग आयर्नने हाताने बसतो. गेटला (स्विच चालवणारा पाय) २.५ व्होल्ट दिले तरी त्याचा रेझिस्टन्स साधारण ५० मिलिओहम राहतो, म्हणजे ४०० मिलिअँपिअरला ८ मिलिवॉट, कोमटही होत नाही. थ्रू-होलच हवा असेल तर आयआरएलझेड४४एन. आयआरएफझेड४४एन नको. नावात एका अक्षराचा फरक आहे, पण त्याला पूर्ण उघडायला १० व्होल्ट गेट लागतो. ३.३ वर तो अर्धवट उघडतो आणि तापतो.

गेटला १०० ओहम सिरीज आणि गेट ते ग्राउंड १० किलोओहम. हा दुसरा रेझिस्टर गाळू नका, रीसेटच्या वेळी पिन तरंगत असते तेव्हा व्हॉल्व्ह त्याच्याच भरवशावर बंद राहतो. प्रत्येक व्हॉल्व्हला उलटा १एन४००७ डायोड, टर्मिनलला चिकटून, पट्टीची बाजू +१२ कडे.

चार ५ व्होल्ट रिले म्हणजे २८० मिलिअँपिअर, तो भार एलएम२५९६ वरून उतरतो. ट्रॅकचं म्हणाल तर चारही व्हॉल्व्ह एकदम उघडले की १.६ अँपिअर. १ औंस कॉपरला ०.८ मिमी पुरतो, पण जागा आहे तर २ मिमी द्या. मॉस्फेटच्या सोर्सचा ग्राउंड थेट पॉवर टर्मिनलकडे न्या, सेन्सरच्या ग्राउंडमधून फिरवलात तर झोन उघडला की रीडिंग उडी मारेल.

गावठी_पीएलसी
वरच्या सल्ल्याला एक अट. उद्या २४ व्होल्ट एसीचे व्हॉल्व्ह आले, आणि शेतातल्या सिंचनात तेच जास्त दिसतात, तर हा मॉस्फेट चालणार नाही. त्याच्या आतला डायोड अर्धी सायकल बंदच होऊ देत नाही. एसीची शक्यता असेल तर रिले ठेवा, पण १२ व्होल्ट कॉइलचा, ३० मिलिअँपिअरच लागतात. तसंच पंपाचे २३० व्होल्ट या बोर्डवर आणूच नका. पंपाचा काँटॅक्टर वेगळ्या डब्यात, इथून फक्त त्याचा सिग्नल.

डागकाम
रिले की मॉस्फेट यात पडत नाही, व्हॉल्व्ह बघून ठरवा. फूटप्रिंटचं राहिलं होतं.

लायब्ररीवर विसंबू नका. बाजारात ३० पिनांच्याच डेव्हकिटच्या दोन रांगांतलं अंतर कुठे २२.८६ मिमी, कुठे २५.४ मिमी असतं. पुण्यात पासोड्या विठोबाजवळून घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घ्या की ऑनलाइन, पुढचा लॉट तसाच येईल याची खात्री नाही. कॅलिपरने पिनेच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, मग लेआउट १:१ कागदावर छापा आणि डेव्हकिटच्या पिना त्या कागदातून आरपार टोचून बघा. प्रिंटरचं 'पानात बसवा' बंद ठेवा, नाहीतर ९६ टक्क्यांवर छापलेल्या कागदावर सगळं चुकीचं दिसतं. जागा असेल तर एका बाजूला हेडरच्या दोन समांतर रांगा द्या, २.५४ मिमी अंतराने, जोडणी (नेट) तीच. दोन्ही मापांची डेव्हकिट बसतात. भोक १.० मिमी.

अँटेनाचं टोक बोर्डच्या कडेबाहेर काढा. तसं जमलं नाही तर त्याच्याखाली दोन्ही लेअरवर कीपआउट (कॉपर वर्ज्य), ग्राउंड पोअरसुद्धा नको. अँटेनाखाली कॉपर गेलं की वायफाय चालतं, पण रेंज पडते, आणि दोष राउटरला दिला जातो.

एलएम२५९६ मॉड्यूलचा पॉट (व्होल्टेज बदलायचा स्क्रू) डेव्हकिट लावायच्या आधी मीटर लावून ५.० वर आणा. त्याच्या आउटपुटपासून व्हीआयएनपर्यंत १एन५८१९ डायोड टाका. काही स्वस्त डेव्हकिटवर यूएसबी आणि व्हीआयएनच्या मध्ये डायोडच नसतो, मग प्रोग्रॅम टाकताना मॉड्यूलचा ५ व्होल्ट लॅपटॉपच्या पोर्टवर जातो. १२ व्होल्ट थेट व्हीआयएनला देऊन मॉड्यूल वाचवायचा विचार असेल तर हिशेब बघा: १५० मिलिअँपिअरला डेव्हकिटवरचा एएमएस१११७ रेग्युलेटर सव्वा वॉटच्या वर उष्णता काढतो. ५ देऊन तेच पाव वॉट.

ठिबक_चार
मॉस्फेटच टाकतो, व्हॉल्व्ह डीसीच राहणार आहेत. पिनाही बदलल्या. सेन्सरला ३.३ देऊ की ५? केबल ८ मीटर आहे.

बारा_व्होल्ट
सेन्सरवरच्या आठ पायांच्या चिपवरचं नाव वाचा. टीएलसी५५५ असेल तर ३.३ द्या. एनई५५५ असेल तर तो सेन्सर नकोच, तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात. दुसरी तपासणी पॉवर न देता: आउटपुट आणि ग्राउंड यांच्यात मीटरवर साधारण १ मेगाओहम दिसायला हवा. काही लॉटमध्ये त्या रेझिस्टरचं एक टोक ग्राउंडला जोडलेलंच नसतं. अशा सेन्सरचं रीडिंग एकदा चढलं की खाली यायला फार वेळ घेतं, पाणी दिलं तरी माती कोरडीच दिसते. वायरचा तुकडा डाग देऊन जोडता येतो.

८ मीटर केबलसाठी बोर्डवर प्रत्येक इनपुटला १ किलोओहम सिरीज आणि पिनेच्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरॅड.