राज्याच्या आपत्ती व्यवस्थापनात करिअर होतं का? जाणकारांनी सांगा

शिरोळकर_अ:
नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यू झालंय, २०१९ आणि २०२१ च्या दोन्ही पुरांत गावातल्या निवारा केंद्रात काम केलं, तेव्हापासून हेच करायचं डोक्यात बसलंय. घरचे म्हणतात एमपीएससी कर, बाकी कशात राम नाही. अधिकारी नक्की होतात कसे आणि पुढे वाढ आहे का?

कंट्रोलरूम_नाईट:
घरचे चूक नाहीत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री आणि जिल्हा प्राधिकरणाचे कलेक्टर, म्हणजे सहीचा अधिकार महसूलवाल्यांकडेच. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी बऱ्याच ठिकाणी कंत्राटी, मुदतवाढीची फाईल कधी हलतेय ते बघत बसायचं, हे मला फार चुकीचं वाटतं कारण अनुभवी माणूस कंटाळून निघून जातो. पण काम म्हणशील तर खरं तिथेच आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, मधल्या चार फुटांत तलाठी, सरपंच, पोलीस पाटील सगळ्यांना फोन लावून माणसं हलवायची, त्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की झोप विसरायची. आणि जनावरांच्या चाऱ्याची, छावणीची सोय आधी सांगितल्याशिवाय म्हातारी माणसं घर सोडत नाहीत, हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

लातूरचा_मी:
वरच्या पातळीचं उदाहरण देतो, प्रवीण परदेशी. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते लातूरचे कलेक्टर, पुढे संयुक्त राष्ट्रांत आपत्तीचा धोका कमी करण्याच्या कामात गेले. आमच्याकडे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद म्हणजे मातीचं जड सपाट छत, पहाटे झोपेतली माणसं त्याखाली गेली, मग गावंच्या गावं नव्याने वसवली. ते आयएएस होते म्हणून एवढं हातात आलं, तेव्हा तू परीक्षा सोडू नकोसच.

शिरोळकर_अ:
म्हणजे कंत्राटी जागेला अर्जच करू नको का?

कंट्रोलरूम_नाईट:
कर की! टिसचा (टाटा समाजविज्ञान संस्था) आपत्ती विषयातला एमए जमला तर बघ, यशदाची (पुण्याची सरकारी प्रशिक्षण संस्था) ट्रेनिंगं असतात, आणि त्याआधी आपदा मित्र या स्वयंसेवकांच्या सरकारी योजनेत नाव घाल. एमपीएससी सोबत चालू ठेव. उद्या तहसीलदार झालास तर पुराच्या रात्री तालुक्याची जबाबदारी तुझ्यावरच येणार, तेव्हा हे सगळं कामी येईल. अर्ज भरताना अडलं तर इथेच विचार.