बांबेर्गची धुराची बिअर : दोन दिवसांत कुठे कुठे बसावं?

सातारकर

सप्टेंबरच्या शेवटी कामानिमित्त न्युर्नबेर्गला असेन. शुक्रवारी काम संपतं, त्याच दिवशी बायको येतेय आणि सोमवारी दुपारी परतीचं विमान. म्हणजे शनिवार-रविवार पूर्ण मोकळे. ऑफिसातले सगळे सांगतायत, ऑक्टोबरफेस्ट चालू आहे, म्यूनिक गाठा. माझं मन मात्र बांबेर्गवर आहे.

कारण सांगतो. पुण्यात २००९ साली डूलाली ही बिअरची छोटी भट्टी (ब्रुअरी) सुरू झाली, ब्रूमास्टर जर्मन होता. गव्हाची ताजी बिअर मी तिथे प्यायलो आणि बिअरला जवाची, गव्हाची, यीस्टची स्वतःची चव असते हे तेव्हा समजलं. तेव्हापासून बंगळूर असो की गोवा, गावात भट्टी असेल तर आधी तिथे जातो. धुरावर वाळवलेल्या मॉल्टची (मोड आणलेल्या जवाची) बिअर जिथे पिढ्यान्‌पिढ्या बनते ते गाव तासाभरावर असताना तंबूत लिटरचा मग घेऊन उभं राहायचं, हे पटत नाही.

विचारायचं असं, की कोणत्या भट्ट्या निवडाव्यात आणि कोणत्या क्रमाने? मुक्काम तिथेच करावा का? बायको शाकाहारी आहे, बिअर जेमतेम अर्धा ग्लास घेते. तिचेही दोन दिवस चांगले जावेत असं वाटतं. जवळच्या खेड्यांतही भट्ट्या आहेत म्हणतात, तिकडे जमेल का?

रेग्नित्सकाठ

सातारकर, बांबेर्गलाच जा. मी एरलांगेनला राहते, बांबेर्गला वरचेवर जाते, आणि भारतातून कोणी आलं की त्यांना तिथेच नेते. ऑक्टोबरफेस्टमध्ये फक्त म्यूनिकच्या सहा मोठ्या ब्रुअरींची बिअर मिळते. त्यातल्या काहींच्या बाटल्या तुम्हाला जगात कुठेही दिसतील. बांबेर्गच्या बऱ्याचशा भट्ट्यांची बिअर फार लांब जातच नाही, ती गावातच संपते. मला तर तिथे जायचं हे एकच कारण पुरेसं वाटतं.

मुक्काम तिथेच करा. स्टेशनवरून गावाकडे निघालात की पाच-सात मिनिटांत ओबेरे क्योनिगश्ट्रासे लागतो. त्या रस्त्यावर श्पेत्सियाल (१५३६ पासूनची) आणि फेस्ला (१६४९) या भट्ट्या अगदी समोरासमोर आहेत. दोघांकडेही राहायच्या खोल्या आहेत, फार साध्या, स्वच्छ. शनिवार-रविवारच्या लवकर भरतात, म्हणून आजच मेल टाका.

आता क्रम. यावर माझं ठाम मत आहे: आधी श्पेत्सियाल, मग जुन्या गावातली भट्टी श्लेंकर्ला. सगळे पाहुणे उलटं करतात. थेट श्लेंकर्लाच्या दारात जातात, पहिल्या घोटाला धूर अंगावर येतो, अर्धा ग्लास टाकून बाहेर पडतात आणि धुराची बिअर आपल्याला जमत नाही असं आयुष्यभर सांगत राहतात. श्पेत्सियालचं राउखबिअर (म्हणजे धुराची बिअर) तांबूस, हलकं असतं. धूर मागून येतो, आधी मॉल्टचा गोडवा लागतो. तिथे एक झायडला घ्या (इकडे अर्ध्या लिटरच्या ग्लासला हेच म्हणतात), जेवा, मग जुन्या गावात चालत जा. श्लेंकर्लाचं मेर्त्सन, म्हणजे त्यांची मुख्य धुराची बिअर, गडद असतं, ५.१ टक्क्यांचं. शेतात हुरडा भाजताना आगटीचा जो वास कपड्यांत बसतो, तो वास त्या ग्लासातून येतो. जिभेची तयारी झालेली असली की दुसऱ्या ग्लासाला धूर बाजूला सरतो आणि खाली कडवट, कोरडी, फार नेटकी लागर आहे हे जाणवतं.

हा धूर वरून घातलेला नसतो, म्हणून मला त्याचं एवढं कौतुक. जव भिजवून मोड आणले की ते वाळवावे लागतात. पूर्वी बहुतेक ठिकाणी ते लाकडाच्या जाळावरच वाळवत, त्यामुळे धुराचा वास बहुतेक बिअरना असायचाच. पुढे धूर मॉल्टपर्यंत पोचू न देणाऱ्या वाळवणीच्या भट्ट्या आल्या आणि जवळजवळ सगळ्यांनी त्या घेतल्या. बांबेर्गात श्लेंकर्ला आणि श्पेत्सियाल या दोन घरांनी जुनी पद्धत सोडली नाही. आजही दोघे आपलं मॉल्ट स्वतःच बीच लाकडाच्या जाळावर वाळवतात. श्लेंकर्लाची साधी हेलेस (फिकट बिअर) मागवून बघा. तिच्यात धुराचं मॉल्ट अजिबात नसतं, तरी त्याच भांड्यांमुळे आणि त्याच यीस्टमुळे धुराचा हलका पदर तिला लागतोच.

श्लेंकर्लाची नोंद १४०५ पासूनची आहे. आत लाकडी पिंपातून, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर बिअर ग्लासात पडते. संध्याकाळी जागा मिळणं कठीण, म्हणून दुपारी तीनच्या सुमाराला जा. टेबलावर दोन माणसं बसलेली असतील आणि जागा असेल तर विचारायचं, "इस्ट हिअर नोख फ्राय?" आणि बसायचं. इथे टेबल वाटून घेतात, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. फक्त "श्टामटिश" अशी पाटी असलेल्या टेबलाला हात लावू नका, ते गावच्या रोजच्या मंडळींचं. वेटर ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघा मारत जातो, तेच तुमचं बिल. खिशात रोख असू द्या, प्रत्येक ठिकाणी कार्ड चालेलच असं नाही. अर्धा लिटर चार युरोंच्या आसपास.

शनिवारी पाऊस नसेल तर संध्याकाळी टेकडीवर श्पेत्सियाल-केलरला चढून जा. फ्रिज नव्हते तेव्हा बिअर थंड राहावी म्हणून टेकडीच्या पोटात भुयारं खोदली आणि वर सावलीसाठी झाडं लावली. त्या झाडांखाली आता बाकं आहेत आणि समोर कॅथेड्रलचे चारही मनोरे दिसतात. बांबेर्गात मला सगळ्यात आवडती जागा हीच. सप्टेंबरअखेर केलर उघडं असेल की नाही हे हवेवर ठरतं, त्या दिवशी सकाळी त्यांच्या पानावर बघून घ्या.

रविवारी वुंडरबुर्ग. कालव्यापलीकडची साधी वस्ती आहे, पर्यटक कमी येतात. तिथे पुन्हा दोन घरं समोरासमोर: मार्स ब्रॉय (१६७०) आणि केझमान (१८६७). मार्समध्ये "आ ऊ, बिट्टं" (एक ऊ द्या) एवढंच म्हणा. तिथली ही "ऊ" पक्क्या बुचाशिवाय मुरवतात, गॅस निघून जातो, म्हणून बिअर मऊ लागते, पोट फुगत नाही. समोरचं केझमान रविवारी उघडं असलं तर रस्ता ओलांडून त्यांची हेरेन पिल्स घ्या, तिच्यात धूर मुळीच नाही, हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा स्वच्छ. धुराच्या दिवसानंतर ती फार छान लागते. क्लोस्टरब्रॉय आणि ग्राइफेनक्लाउसुद्धा चांगल्या आहेत, पण दोन दिवसांत सगळं उरकायचा प्रयत्न करू नका. एका जागी दीड-दोन तास बसलात तरच त्या जागेचं काही कळतं.

प्रत्येक घराचा सुट्टीचा दिवस वेगळा असतो, शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी बंद असणारीही आहेत. वेळा आधी बघा, नाहीतर माझा हा क्रम कोलमडेल.

मुक्ता_नाशिक

वहिनींसाठी मी लिहिते, कारण मी बिअर पीत नाही आणि तरीही बांबेर्ग माझं जर्मनीतलं आवडतं गाव आहे.

गावाचा जुना भाग १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. जुना टाउन हॉल नदीच्या मधोमध, पुलाला लागून उभा आहे, भिंतींवर रंगीत चित्रं. पण माझा जीव रमला तो बागवानांच्या भागात. शहराच्या आत, घरांच्या मागे लांबच लांब भाजीचे वाफे आहेत आणि काही कुटुंबं अजून भाजी पिकवतात. शनिवारी सकाळी बाजारात ती भाजी बघायला त्यांना नक्की आवडेल.

जेवणाचं सांभाळून. मेन्यूवरचा बांबेर्गचा भरलेला कांदा बघून हरखू नका, आत खिमा असतो. बटाट्याच्या सॅलडमध्येही पुष्कळदा मांसाचा रस्सा किंवा बेकन असतं, विचारूनच घ्या. "गेरुप्फ्टर" मागा: मऊ चीज, कांदा, पेपरिका एकत्र कुस्करलेलं, ब्रेडबरोबर. "त्सीबेलेसकेस" म्हणजे चक्क्यासारखं ताजं चीज कांदा घालून, ते तर मी रोज खाल्लं. आणि श्पेत्सेल (पिठाच्या मऊ, जाड शेवया) चीज घालून बऱ्याच ठिकाणी मिळतात. केलरवर आपलं खाणं नेलं तर बहुतेक ठिकाणी चालतं, फक्त पेय तिथलं घ्यायचं. आम्ही बाजारातून ब्रेड, टोमॅटो, चीज घेऊन गेलो होतो.

पायवाट

खेड्यांचं विचारलंत म्हणून. आउफझेस नावाचं छोटं गाव आहे, लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक भट्ट्यांसाठी २००० साली गिनीज बुकात गेलेलं. दीड हजाराच्या आतली वस्ती आणि चार ब्रुअरी. चारही जोडणारी सुमारे १४ किलोमीटरची पायवाट आहे: शेतं, बीचचं जंगल आणि दर तासाभराने एक भट्टी. हेकेनहोफच्या काथी-ब्रॉयला मोटारसायकलवाल्यांची जत्रा असते, बिअर मात्र गडद आणि सुरेख. मला बांबेर्गपेक्षा हे जास्त भावलं, कारण चालून तहान लागलेली असते आणि समोर शेतकऱ्याच्या अंगणातलं बाक असतं.

अडचण एकच, पोचायची. बस मोजक्या आहेत, त्यातही रविवारी कमी. गाडी घ्यायची तर चालवणाऱ्याने प्यायची नाही. दोन दिवसांच्या सहलीत मी हे बसवणार नाही.

सातारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. फेस्लाला खोलीसाठी मेल टाकला. मुक्ता, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, ती बाजाराच्या नादाने शनिवारी पहिल्याच गाडीने निघू म्हणतेय. आउफझेस पुढच्या खेपेला.

रेग्नित्सकाठ, अजून दोन प्रश्न. ते वायरमान मॉल्टवाले बांबेर्गचेच ना? आतून बघता येतं का? आणि बाटल्या आणायच्या तर कोणत्या?

रेग्नित्सकाठ

हो, बांबेर्गचेच, १८७९ पासूनचे. स्टेशनच्या जवळच लाल-पिवळ्या विटांची इमारत दिसेल. जगभरच्या छोट्या भट्ट्या त्यांचं मॉल्ट वापरतात. आतली फेरी ठरावीक दिवशीच असते आणि आधी नाव द्यावं लागतं. तुमच्या शनिवार-रविवारी ती असेल असं धरून चालू नका. त्यापेक्षा मिखेल्सबेर्गवरचं ब्रुअरी संग्रहालय बघा. जुन्या मठाच्या ब्रुअरीच्या तळघरात आहे, ऑक्टोबरपर्यंत उघडं असतं. मॉल्ट वाळवायची, पिंपं बनवायची सगळी जुनी साधनं तिथे आहेत. भट्टीत रस असलेल्या माणसाला दीड तास कमी पडतो.

पहिल्या गाडीने येणार असाल तर एक लक्षात ठेवा: बायर्न-तिकीट (बव्हेरियाभर चालणारं दिवसाचं तिकीट) शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच चालतं, सकाळी नऊची अट फक्त कामाच्या दिवशी. दोघांचं मिळून एकच काढा. ते साध्या गाड्यांनाच चालतं, आयसीई या वेगवान गाड्यांना नाही.

बाटल्यांचं म्हणाल तर श्पेत्सियालच्या आणा. श्लेंकर्लाच्या निर्यात होतात, कधी ना कधी दुसरीकडे सापडतील. श्लेंकर्लाचा उरबॉक (६.५ टक्क्यांची जास्त कडक धुराची बिअर) ऑक्टोबरात येतो, तो तुमचा थोडक्यात हुकतोय. दुकानात मागच्या हंगामाची बाटली दिसली तर ती मात्र सोडू नका, भुयारात मुरलेला असतो आणि बाटलीतही चांगला टिकतो. भारतात येताना माणशी दोन लिटरची सूट आहे, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. जाडजूड कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत, मधोमध. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून खरेदी शनिवारीच करा किंवा सरळ श्पेत्सियालच्या काउंटरवर मागा.