मदत हवी आहे : वाचनालयात ज्येष्ठांना मोबाइल शिकवायचाय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात रंकाळ्याजवळ आमचं छोटं 'क' वर्गाचं वाचनालय आहे. सकाळी पेपर वाचायला पंधरा-वीस ज्येष्ठ येतात. हल्ली पेपर कमी आणि "हे जरा बघ की रे" जास्त! कुणाला डिजिलॉकर उघडायचं असतं, कुणाला सातबारा बघायचा असतो. एका काकांनी तर 'पैसे मिळतील' म्हणून क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआय पिन टाकला. आठ हजार गेले. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, हे त्यांना माहीतच नव्हतं. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा असतो, हे आम्हालाही दुसऱ्या दिवशी कळलं.

म्हणून दर रविवारी तासभर वर्ग घ्यायचा विचार आहे. दोन जुने संगणक आहेत, पण सगळ्यांच्या हातात मोबाइलच, तेव्हा त्यावरच शिकवावं असं मला वाटतं. बटणं कुठली दाबायची हे सांगणं सोपं; अडतं ते आलेला मेसेज खरा की खोटा हे ओळखण्यात. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यात पडताळून बघायची सवय लावू, की रोजच्या फॉरवर्डपासूनच सुरू करू?

आणखी एक. लोक पिन, ओटीपी आम्हालाच सांगून मोकळे होतात. "तूच टाक की." न दुखावता नाही कसं म्हणायचं?

करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून असलेलं गाव आपलं, इथं कुणीतरी असा वर्ग चालवला असेलच. काय जमलं, काय फसलं, सांगा की.