मदत हवी आहे: ग्रॅम्प्समध्ये सासर-माहेर एकाच तक्त्यात कसं आणायचं?

रानजाई
ग्रॅम्प्स (वंशावळ नोंदवायचा प्रोग्राम) ५.२, विंडोज ११. माहेरची वंशावळ एका ट्रीमध्ये आहे, सासरची दुसऱ्यात (तीही ग्रॅम्प्सच, दिरांनी केलेली). दोन्ही बाजूंच्या चार-चार पिढ्या एका मोठ्या कागदावर छापायच्या आहेत. अडचणी तीन:
१) अवरग्लास ग्राफ या तक्त्यात मला मध्ये ठेवलं तर नवरा दिसतो, पण सासू-सासरे गायब.
२) दोन्ही घरांत आधीचीही एक सोयरीक आहे, त्यामुळे तीच माणसं दोन्ही फाइलींत आहेत.
३) पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात.
मूल नाही, त्यामुळे 'मुलाला मुळाशी ठेवा' हा नेहमीचा सल्ला लागू नाही.

औदुंबर
पहिली अडचण हा बिघाड नाही. अवरग्लास एकाच माणसाभोवती फिरतो: त्याचे पूर्वज वर, वंशज खाली. जोडीदार केवळ वंशजांच्या बाजूने येतो, म्हणून त्याचे आईवडील घ्यायचं कारणच प्रोग्रामला दिसत नाही. तुम्हाला दोन केंद्रं असलेला तक्ता हवा. पण आधी माहिती एका ट्रीमध्ये आणा.

फॅमिली ट्रीज मेनूतून दोन्ही ट्रींचा बॅकअप घ्या, मग तिसरी, रिकामी ट्री उघडून दोन्ही बॅकअप तिच्यात आयात करा. मूळ ट्रींना हात लावू नका. दोन्हीकडे ग्रॅम्प्स असताना गेडकॉमच्या (वेगवेगळ्या वंशावळ-प्रोग्रामांत माहिती नेण्याचा फाइल-प्रकार) वाटेला जायची गरज नाही; त्यात काही ना काही गळतं. प्रेफरन्सेसमध्ये आयातीच्या वेळी टॅग लावायची सोय आहे. पहिल्या फाइलीला 'माहेर' टॅग द्या, दुसरी आणण्याआधी तो बदलून 'सासर' करा. कोण कुठून आलं हे नंतर शोधत बसावं लागत नाही. आयडी एकमेकांवर आपटले तर ग्रॅम्प्स स्वतःच नवे देतं, त्यामुळे जुने आयडी कागदावर टिपून ठेवले असतील तर त्यांवर विसंबू नका.

आता जोड. तुमच्या फाइलीत नवरा केवळ नावापुरता असणार, दिरांच्या फाइलीत तुम्ही. पीपल यादीत दोन्ही 'तुम्ही' कंट्रोल दाबून निवडा, एडिट मेनूतून मर्ज. भरगच्च नोंद मुख्य ठेवा. मग हेच नवऱ्याचं. त्यानंतर फॅमिलीज यादी बघा: तुमचं दोघांचं कुटुंब एकदाच दिसलं पाहिजे. दोनदा दिसलं तर तीही दोन्ही निवडून एकत्र करा. दोन घराण्यांना जोडणारी ही एकच कुटुंब-नोंद असते, ती दुहेरी राहिली की पुढचा प्रत्येक तक्ता बिघडतो.

रानजाई
हे झालं, धन्यवाद. जुन्या सोयरिकीतली माणसंही अशीच एकेक करून?

औदुंबर
हो. टूल्समध्ये संभाव्य दुहेरी व्यक्ती शोधायचं साधन आहे, पण ते मुख्यतः नावांच्या साम्यावर चालतं आणि आपल्याकडे आजोबांचंच नाव नातवाला असतं. त्याने सुचवलेली जोडी आईवडील बघितल्याशिवाय जोडू नका. नवरा-बायको दोघं जोडून झाल्यावरच त्यांच्या मुलांकडे वळा. जोडल्यावर एकाच माणसाच्या दोन जन्मनोंदी राहतात. जास्तीची हाताने काढा.

शिलालेख
तक्त्यासाठी रिपोर्ट्स > ग्राफ्स > फॅमिली लाइन्स ग्राफ. यात 'पीपल ऑफ इंटरेस्ट'च्या यादीत तुम्ही आणि नवरा, दोघांनाही टाका. पालकांच्या दिशेने जायचा पर्याय चालू, मुलांच्या दिशेचा बंद. जास्तीची माणसं काढून टाकायचा एक पर्याय आहे. तो चालू असला की काका-मावश्या उडतात आणि लोक समजतात माहितीच गेली. नुसते थेट पूर्वज हवे असतील तरच चालू ठेवा. पूर्वजांच्या एकूण संख्येवर मर्यादाही तिथेच घालता येते, पिढ्यांवर नाही.

आडनावानुसार रंग देता येतात, पण रंग मुख्य नावावरून ठरतो. म्हणून प्रत्येक बाईचं माहेरचं नाव मुख्य ठेवा आणि सासरचं पर्यायी नावांत 'मॅरीड नेम' म्हणून टाका. उलटं केलंत तर सासूबाई, आजेसासूबाई सगळ्या एकाच रंगात न्हाऊन निघतील आणि त्यांच्या माहेरांचा पत्ता लागणार नाही. कुलवृत्तांतातून माहिती भरली असेल तर हे विशेष तपासा, तिथे सुना सासरच्याच नावाने येतात.

रंग लागत नसेल तर आडनावाचं लेखन बघा. कुलकर्णी आणि कुळकर्णी ही प्रोग्रामला दोन आडनावं. शिंदे आणि शिन्देसुद्धा. सगळ्यात फसवा प्रकार 'कऱ्हाडकर'सारख्या नावात: तो अर्धा र दोन कळफलकांवर दोन वेगळ्या सांकेतिक क्रमांनी उमटतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण यादीत आडनाव दोनदा येतं. एकीकडून नक्कल करून दुसरीकडे चिकटवा. आणि मधलं नाव चौकटीत नको. वडील वरच्या ओळीत आहेतच.

पाटावरवंटा
फॅमिली लाइन्समध्ये एका चुलत्याची बायको येते, दुसऱ्याची नाही, असा घोळ होतो. त्यापेक्षा स्वतःचा फिल्टर करून रिलेशनशिप ग्राफ काढा. पहिला फिल्टर: दोघांचे चार पिढ्यांपर्यंतचे पूर्वज, असे दोन नियम, आणि 'किमान एक नियम लागू' निवडा. दुसरा फिल्टर: पहिल्यात बसणारे लोक, त्यांची भावंडं, त्यांचे जोडीदार. कोण येणार हे पूर्णपणे आपल्या हातात राहतं.

औदुंबर
सहमत, पण आकडा लक्षात घ्या. चार पिढ्या वर म्हणजे २+४+८+१६ = ३० पूर्वज, स्वतः धरून ३१; दोघांचे ६२. सगळ्यात वरच्या ओळीत ३२ चौकटी. ए-वन आडवा कागद ८४१ मिलिमीटर. समास सोडून एका चौकटीला जेमतेम २५. ए-झीरोवर ३६ मिळतात, ते वाचता येतं. भावंडं धरलीत तर ए-झीरोही अपुरा. भावंडं खालच्या दोन पिढ्यांपुरतीच ठेवा असं माझं मत.

जुन्या सोयरिकीमुळे रेघा एकमेकींना छेदतील. साटंलोटं किंवा आते-मामे भावंडांचं लग्न असलं की ते टळत नाही. माणूस एकदाच दाखवायचा तर रेघ लांबूनच येणार. दत्तक कोणी असेल तर त्याला जन्मदाते आणि दत्तक घेणारे असे दोन्ही आईवडील जोडा, दत्तक घेणाऱ्यांशी नातं 'ॲडॉप्टेड' ठेवा. रिलेशनशिप ग्राफमध्ये अशी रेघ ठिपक्यांची दाखवता येते.

शिलालेख
जोडाक्षरांचं: ग्राफव्हिजच्या (ग्रॅम्प्ससाठी हे तक्ते आखणारा प्रोग्राम) पर्यायांत फॉन्ट फ्रीसॅन्स करून बघा. तरी फुटली तर पीडीएफचा नाद सोडून एसव्हीजी (रेखाचित्राची फाइल) काढा आणि इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये उघडा. तिथे मजकूर मजकूरच राहतो. नोटो सान्स देवनागरी लावला की अक्षरं नीट जुळतात. नंतर पीडीएफ काढताना मजकुराचे पाथ, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृती, करून घ्या. हे विसरू नका, कारण फ्लेक्सवाल्याकडे तुमचा फॉन्ट असेलच असं नाही आणि त्याने फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडली की 'श्र' आणि 'र्य' पुन्हा सुटे होतात. पाथ केल्यावर नाव दुरुस्त करता येत नाही, म्हणून आधी ए-फोरच्या तुकड्यांत छापून घरच्या वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्या.

रानजाई
दिरांना एकत्र केलेली ट्री परत द्यायची आहे, पण माहेरच्या हयात लोकांच्या जन्मतारखा नकोत.

पाटावरवंटा
बॅकअप देऊ नका, त्यात सगळं जातं. एक्स्पोर्ट वापरा, तिथे खाजगी खूण केलेल्या नोंदी वगळायचा आणि हयात व्यक्ती गाळायचा किंवा त्यांची नावं झाकायचा पर्याय आहे. मृत्यूची नोंद नसलेल्या माणसाला प्रोग्राम अंदाजाने हयात धरतो, तेव्हा पणजोबांसारख्यांच्या नोंदीत तारीख माहीत नसली तरी मृत्यूची घटना रिकामी का होईना, टाकून ठेवा. नाहीतर तेही गळतील.